हलकी वाटणारी बॅट हळू फिरते

भातकापणी उरकली, झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत खाचरांची वाटणी होते. ओल धरून असलेल्या खाचरांत वाल पेरला जातो. गावालगतच्या, लवकर सुकणाऱ्या एखाद-दोन खाचरांवर मात्र पोरांचा डोळा असतो. मधला बांध सपाट होतो, माती पाणी मारून धोपटली जाते, चुन्याची रेघ ओढली की मैदान तयार. तिथून पावसाळा तोंडावर येईपर्यंत टेनिस क्रिकेटचा हंगाम चालतो. खेळणाऱ्यांत पाताळगंगा-रसायनी पट्ट्यातल्या आणि खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणारे असतात, कर्जत-नेरळहून लोकलने मुंबईकडे नोकरीला जाणारे असतात आणि बारावीच्या परीक्षेकडे काणाडोळा करणारेही असतात.

डाव मोजक्या षटकांचा. फलंदाजाच्या वाट्याला आठ-दहा चेंडू आले तरी पुष्कळ. त्यामुळे इथे चेंडू ‘सोडणे’ ही कला कोणी शिकत नाही, पहिल्यापासून उचलून मारायचे असते. आत जाण्यापूर्वी फलंदाज एक ठरलेली गोष्ट करतो. दोन बॅटी एकत्र धरतो, डोक्यामागून पाच-सहा वेळा जोरात फिरवतो आणि मग एक बॅट बाजूला टाकतो. उरलेली बॅट पिसासारखी हलकी वाटते. हात मोकळे झाले, आता चेंडू थेट रस्त्यापलीकडे, असा विश्वास येतो.

हा विश्वास खोटा आहे. बॅट हलकी वाटते हे खरे, पण ती वेगाने फिरत नाही. उलट किंचित मंद फिरते.

हे क्रिकेटमध्ये नव्हे, बेसबॉलमध्ये मोजले गेले. अमेरिकेत आणि जपानमध्ये फलंदाज आत जाण्यापूर्वी बॅटवर वजनाची कडी चढवून ती फिरवतात. हवाई विद्यापीठातील कूप डेरेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वेगवेगळ्या वजनांनी अंग गरम करून पाहिले. नेहमीच्या बॅटच्या वजनापेक्षा साधारण १२ टक्के कमी-जास्त, एवढ्या टप्प्यातले वजन फायद्याचे ठरले. कडी चढवलेली जड बॅट फिरवल्यानंतरचा वेग सर्वांत कमी निघाला. पुढे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जड बॅटनंतर नेहमीची बॅट हातात घेतलेल्या खेळाडूंना ती हलकी आणि जास्त वेगवान वाटली, मोजणीत मात्र पहिल्याच फेऱ्याचा वेग घटलेला होता. स्नायूंना आणि मेंदूला जड बॅटच्या संथ लयीची सवय लागलेली असते, ती लगेच जात नाही. बॅट १ किलोची असेल तर ८८० ते ११२० ग्रॅमच्या आतली बॅट फिरवावी. दोन बॅटी एकत्र म्हणजे दुप्पट वजन, ते या हिशेबात कुठेच बसत नाही.

खालापूरच्या खाचरात बेसबॉल कशाला, असे कोणी म्हणेल. पण बेसबॉल हा आपल्याला वाटतो तितका परका खेळ नाही. विटीदांडू खेळलेल्या माणसाला त्यातले मर्म लगेच कळते. हवेतल्या वस्तूला आडव्या दांडूने जास्तीत जास्त लांब धाडायचे. त्रिफळा वाचवायचा नसतो, एकेरी धावेसाठी चेंडू ढकलायचा नसतो. चार-सहा षटकांच्या डावात उतरलेला टेनिस क्रिकेटचा फलंदाज कसोटीतल्या सलामीवीरापेक्षा बेसबॉलच्या फलंदाजाला जवळचा असतो. टेनिसचा चेंडू उसळतोही जास्त. तो कमरेच्या, कधी छातीच्या उंचीवर भेटतो आणि बॅट आपोआप आडवी फिरते. अमेरिकेत या एका फिरकाव्यावर गेली कित्येक दशके प्रयोगशाळा चालल्या आहेत. इंग्लंडचे ज्युलियन वूड यांच्यासारखे फटकेबाजीचे प्रशिक्षक तिथलेच धडे क्रिकेटमध्ये आणत आहेत. हे ज्ञान गावच्या मैदानावर यायला हरकत नाही. त्याला खर्चही जवळपास नाही.

मुळात चेंडू लांब जातो कशाने? दंडाच्या बळाने, असे बहुतेकांचे मत. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये २० फलंदाजांच्या उत्तुंग फटक्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. बॅटच्या कमाल वेगात फलंदाजा-फलंदाजांमध्ये जो फरक होता, त्यातला ७८ टक्के फरक तीन गोष्टींनी उलगडला. बॅट खाली यायला लागते त्या क्षणी कंबर आणि खांदे यांच्यात किती पीळ आहे, पुढच्या हाताचे कोपर किती सरळ होते आणि दुमडलेले मनगट किती उलगडते.

यातला पीळ सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा. पुढचा पाय टेकला की कंबर गोलंदाजाकडे वळू लागते, खांदे मात्र क्षणभर मागेच राहतात. पोटाच्या आणि बरगड्यांच्या बाजूचे तिरके स्नायू ताणले जातात, ते सुटताना खांद्यांना ओढून आणतात. खांद्यांमागून हात, हातांमागून मनगट आणि सर्वांत शेवटी बॅट. प्रत्येक सांधा आपला वेग पुढच्याला देतो आणि स्वतः मंदावतो. ज्याने झोडणी केली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. नवखा माणूस पेंढी नुसत्या हातांनी आपटतो आणि अर्ध्या तासात दमतो. मुरलेला गडी पायांतून आणि कमरेतून वळतो, हात फक्त शेवटी येतात, आणि तो दिवसभर झोडू शकतो. गंमत अशी, की हेच गडी किंवा त्यांची पोरे बॅट हातात आली की सगळे बळ दंडांत आणतात.

भौतिकशास्त्राचा कौलही वेगाच्याच बाजूने आहे. बेसबॉलमध्ये बॅटचा वेग ताशी १ किलोमीटरने वाढला तर चेंडूचा वेग सुमारे १.२ किलोमीटरने वाढतो. चेंडू टाकणाऱ्याने तेवढाच वेग वाढवला तर फायदा जेमतेम ०.२ किलोमीटरचा. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, तर क्रिकेटचा लेदर चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. इतक्या हलक्या चेंडूसमोर बॅट आधीच कितीतरी जड असते. तिचे वजन आणखी वाढवून फारसे काही हाती लागत नाही, वेग मात्र जातो. शिवाय आकार जवळपास तेवढाच आणि वजन एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणून हवा टेनिसच्या चेंडूला फार लवकर अडवते. फार उंच चढवलेला चेंडू जागच्या जागी झेल होऊन खाली येतो, तो यामुळेच. बेसबॉलमधले बहुतेक ‘होम रन’ साधारण २५ ते ३५ अंशांत सुटलेले असतात. टेनिस क्रिकेटमध्येही आकाशाकडे बघून मारण्यापेक्षा समोरच्या आंब्याच्या शेंड्याकडे बघून मारणे शहाणपणाचे.

या सगळ्याचा सराव कसा करायचा? पहिली पायरी थांबलेल्या चेंडूची. बेसबॉलमध्ये त्यासाठी रबरी नळीचे स्टँड मिळते. गावात मोज्यात चेंडू घालून तो फांदीला टांगतात, तेही चालते. इथे एकच गोष्ट घोटायची. पाय टाकायचा, क्षणभर थांबायचे, मग कंबर वळवायची आणि हात त्यानंतर सोडायचे. सुरुवातीला फटका लुळा पडतो, कारण नेहमीची लय मोडलेली असते. थांबणे हळूहळू कमी करत नेले की पीळ अंगवळणी पडतो. त्यापुढे चेंडू बॅटच्या मधोमध लागतो की नाही हे पाहायचे, कारण चेंडू मधल्या भागापासून थोडा जरी सरकला तरी वेगाची कमाई वाया जाते.

पण टांगलेल्या चेंडूवर राजा असलेला फलंदाज सामन्यात भिकारी ठरतो, हा अनुभव प्रत्येक गावात आहे. त्याचे कारण दुसऱ्या पायरीत आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

संध्याकाळच्या सरावात काय चालते ते पाहा. फलंदाज मित्राला सांगतो, ‘फुल टाक.’ मित्र वीस चेंडू पायाशी टाकतो. दहाव्या चेंडूपासून फटके मधोमध बसू लागतात, विसावा वाल लावलेल्या खाचरात जातो, फलंदाज खूश होऊन घरी जातो. कॅलिफोर्नियातील एका कॉलेजच्या बेसबॉल संघावर हाच प्रकार १९९४ मध्ये तपासला गेला. एका गटाला आठवड्यातून दोनदा ४५ जादा चेंडू मिळाले, १५ वेगवान, १५ वळणारे, १५ संथ, आणि तेही असेच एकेक प्रकार संपवत. दुसऱ्या गटालाही तेच ४५ चेंडू, पण सरमिसळ करून. पुढचा चेंडू कोणता, ते ठाऊक नाही. तिसऱ्या गटाला जादा सराव नव्हताच. सहा आठवड्यांनी सरमिसळ चेंडूंवर परीक्षा झाली, तेव्हा सरमिसळ गटाची सुधारणा ५७ टक्के, ओळीने सराव केलेल्यांची २५ टक्के आणि तिसऱ्या गटाची ६ टक्के भरली. चेंडूंची संख्या तीच, आठवडेही तेच.

एकाच जातीचे वीस चेंडू खेळताना मेंदू पहिल्या दोन-तीन चेंडूंतच उत्तर शोधतो आणि पुढे तेच वापरत राहतो. सरमिसळीत त्याला दर चेंडूला नव्याने ओळखावे, ठरवावे लागते. सामन्यात तेच लागते. बेसबॉलमध्ये १८.४४ मीटरवरून ताशी १४५ किलोमीटर वेगाने आलेल्या चेंडूला ०.४ सेकंद लागतात, त्यातले जवळजवळ ०.१५ सेकंद बॅट फिरण्यातच जातात. ओळखायला उरतो तो पापणी लवण्याएवढा वेळ. शेवटपर्यंत ‘चेंडूवर नजर ठेव’ हा गावोगावचा सल्लाही अक्षरशः पाळता येत नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग त्याची नजर चेंडूला सोडून टप्पा पडणार असलेल्या जागी उडी मारते आणि तिथे वाट पाहते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. ओळखण्याची ही कला सरमिसळ चेंडूंवरच घडते.

अडचण एकच. सरमिसळ सराव करताना माणूस वाईट खेळतो. चुकतो, त्रिफळा उडतो, बघणारे हसतात. ओळीच्या सरावात तो स्वतःला सुधारलेला दिसतो. जड बॅटनंतर हलकी वाटणारी बॅट आणि वीस फुल चेंडूंनंतर आलेला विश्वास एकाच जातीचे. दोन्हींत अंगाला जे वाटते ते मोजणीशी जुळत नाही. त्यावर उपाय म्हणजे आखूड, पायाशी आणि संथ अशा प्रत्येकी १५ चिठ्ठ्या करून टोपीत टाकायच्या आणि चेंडू टाकणाऱ्याने दर वेळी एक काढून गुपचूप वाचायची. दया दाखवायला त्याला वाव राहत नाही.

चुकांना घाबरून बाहेरून सूचनांचा भडिमार करणाऱ्यांसाठीही एक निष्कर्ष आहे. रॉब ग्रे आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या बेसबॉल प्रयोगात मुरलेल्या खेळाडूंचे लक्ष स्वतःच्या हातांवर वळवले की खेळ बिघडला, बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूवर ठेवले की सुधारला. नवशिक्यांना हातांवरचे लक्ष तितके जाचले नाही. म्हणून ‘कोपर वर घे’ हे टांगलेल्या चेंडूपाशी सांगावे, शेवटच्या षटकात सीमारेषेवरून ओरडू नये.

या फटक्याची किंमत शरीरही मोजते. पिळातून वेग घेणाऱ्या बेसबॉल फलंदाजांत पुढच्या बाजूचे, बरगडी आणि कंबर यांमधले तिरके स्नायू दुखावणे नित्याचे आहे. खोकताना, शिंकताना किंवा अंथरुणात कूस बदलताना त्या जागी कळ आली तर ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरू नये. फाटलेला स्नायू आणखी फाटतो. दांडा पकडणाऱ्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला मनगटाजवळ दुखत राहिले तर तिथल्या आकड्यासारख्या छोट्या हाडाला चीर गेलेली असू शकते. बेसबॉल आणि रॅकेटच्या खेळांत ती ओळखीची आहे, पण साध्या एक्स-रेत बरेचदा सुटते, म्हणून डॉक्टरांना आपण बॅट फिरवतो हे आवर्जून सांगावे. रात्रपाळी करून थेट सामन्याला येणाऱ्याने निदान दहा मिनिटे चालून, धावून, कंबर सैल करून घ्यावी. थंड स्नायूंवर पहिल्याच चेंडूला पूर्ण पीळ देणे महागात पडते.

लेदर चेंडूकडे वळू पाहणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा. तो चेंडू खाली राहतो आणि जड असतो, आडव्या बॅटला चकवून यष्टींवर जातो. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जाणाऱ्या मुलाने टेनिसचा हंगाम संपल्यावर आठवड्यात सवय मोडेल अशी आशा धरू नये. कमरेचा पीळ तोच कामी येतो, बॅटची वाट मात्र सरळ करावी लागते आणि तिला महिने लागतात.

ते महिने पावसाळ्याचे. जूनमध्ये उल्हास आणि पाताळगंगा फुगतात, चुन्याची रेघ पहिल्याच सरीत जाते आणि खेळपट्टीवर चिखलणी होऊन लावणीची तयारी सुरू होते. मोज्यातला चेंडू तेवढा आंब्यावरून काढून पडवीच्या वाशाला बांधायचा असतो.