बारावीचे वर्ष आणि डॉक्टर-पालक

फेब्रुवारी उजाडला की राजपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात सोळा-सतरा वर्षांचे रुग्ण वाढू लागतात. कुणाचे डोके दुखते, कुणाला झोप लागत नाही, कुणाच्या पोटात सकाळीच कळ येते. तपासणीत विशेष काही आढळत नाही. सोबतची आई हळूच सांगते, "डॉक्टरसाहेब, यंदा बारावी आहे." निदान तेथेच होते आणि मी आठ तास झोपेचा सल्ला देतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच मुलीची बारावी होती. तेव्हा मात्र मी तिला पहाटे चारला उठवीत असे. एके दिवशी तिने शांतपणे विचारले, "बाबा, तुमच्या पेशंटांना एक सल्ला आणि मला दुसरा का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी मनातल्या मनातच राहिला असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

कठीण अभ्यासक्रमाला दोष देणे सोपे आहे. ते मला मान्य नाही. रक्तातील आम्ल-अल्कली संतुलन समजून घेताना आपण ज्या तत्त्वांचा आधार घेतो, ती बारावीच्या रसायनशास्त्रातच प्रथम भेटतात. आनुवंशिकतेचा पायाही तेथेच घातला जातो. परीक्षेचेही गुण आहेत. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की, धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवते. सातत्याने सराव चाचण्या घेणारा 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रात नावारूपास आला, त्यामागेही हेच मर्म असावे. चाचणी हे शिकण्याचे उत्तम साधन आहे. मात्र तिचा न्यायनिवाडा झाला की ती भार होते.

हा भार किती आहे, हे आकडेच सांगतात. आपल्या पिढीने पीएमटी दिली. आता देशभर एकच 'नीट' आहे. २०२५ साली ही परीक्षा सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशात सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरूनही सुमारे ११ लाख मुलांना जागा मिळणे शक्यच नव्हते. ही मुले नापास नव्हेत, हे गणित आपण डॉक्टरांनी तरी समजून घ्यावयास हवे. 'डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर' हे वाक्य समाजात कौतुकाने उच्चारले जाते. त्या मुलाच्या कानी ते आदेश म्हणून पडते.

मग काय करावे? पौगंडावस्थेत ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. वाचलेले स्मरणात पक्के होण्यातही झोपेचा वाटा असतो. ती आपल्या घरापासून पाळावी. दुसरा मार्ग निकालानंतर शोधण्याऐवजी परीक्षेपूर्वीच मुलासोबत बसून ठरवावा. चाचणीत किती गुण पडले, याआधी काय चुकले व का, हे विचारावे. सततची उदासीनता, अबोला, जगण्याविषयी निराशेचे उद्गार दिसल्यास 'परीक्षेचा ताण' म्हणून दुर्लक्ष करू नये. मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा. २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा.

माझ्या मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही. निकालाच्या रात्री घरात कुणी जेवले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. आज ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आहे. गेल्या सुटीत माझ्या एका रुग्णाचा कल्चर रिपोर्ट पाहून तिने मला जे प्रश्न विचारले, त्यांतील दोहोंची उत्तरे मला पुस्तक उघडून द्यावी लागली. बारावीचा तो अवघड अभ्यास वाया गेला नव्हता. वाया गेली होती ती फक्त मी मोडलेली तिची पहाटेची झोप.