जुने चित्रपट, मोठा पडदा आणि कारागिराचे हुनर

जुना माल पुन्हा बाजारात येऊन भाव खातो, असे आमच्या कापडाच्या धंद्यात क्वचितच घडते. चित्रपटाच्या धंद्यात मात्र अलीकडे ते वारंवार घडत आहे. दिलीपकुमार यांच्या जन्मशताब्दीला, डिसेंबर २०२२ मध्ये, 'आन' आणि 'देवदास' चित्रपटगृहांत लागले. जून २०२५ मध्ये 'उमराव जान' आला. सिनेमा पाहावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न. आम्ही येथे फक्त व्यापाराची आणि हुनराची बाजू मांडत आहोत.

के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' १९६० चा. त्यातील पोशाख दिल्लीच्या शिंप्यांनी शिवले. भरतकाम सुरत-खंबायतच्या कारागिरांचे, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, मुकुट कोल्हापूरचे, शस्त्रे राजस्थानच्या लोहारांची आणि पादत्राणे आग्र्याची. शीशमहालाची काच बेल्जियमहून आली होती.

हे काम टीव्हीवर किंवा मोबाइलवर नीट कळत नाही. मोठ्या पडद्यावर दुपट्ट्याची किनार हातभर रुंद दिसते. टाका, वीण, घेर, सारे उघड होते. चित्रपटाचा बराचसा भाग मूळचा कृष्णधवल. रंगाचा आधार नसताना कापडाची ओळख चमक आणि पडण्यावरूनच पटते. जाणत्या माणसासाठी ती उत्तम परीक्षाच होय.

असा चित्रपट पुन्हा कसा तयार होतो? आधी चांगल्या अवस्थेतील निगेटिव्ह किंवा प्रिंट शोधतात. ती स्वच्छ करून एकेक चौकट संगणकात उतरवतात. एका सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटात अडीच लाखांवर. त्यांवरील ओरखडे, डाग काढायचे, उडालेला रंग सावरायचा, आवाज साफ करायचा. रफूगाराचेच काम हे! २००४ मध्ये तर 'मुघल-ए-आझम' संपूर्ण रंगीत करून १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पुन्हा प्रदर्शित झाला.

हिशेब सरळ आहे. चित्रपट बनवण्याचा खर्च केव्हाच होऊन गेलेला असतो. नवा खर्च दुरुस्तीचा आणि जाहिरातीचा. खेळ मोजकेच, काही वेळा तिकीटही स्वस्त. राज कपूर शताब्दीला, डिसेंबर २०२४ मध्ये, ते शंभर रुपये होते.

पण मूळ माल शिल्लक असेल तरच हा व्यवहार होतो. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुन्या फिल्ममध्ये चांदी असे, आणि कित्येक फिल्म त्या चांदीसाठी भंगारात गेल्या. आमच्या बिरादरीला यात नवल वाटू नये. जुने शालू जाळून जरीची चांदी काढणारे आमच्याच बाजारात आहेत. चांदी तोळ्यावर विकली जाते. वीण आणि नक्षी मात्र कायमची जाते.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच. जरदोजीचे खाके, ठशांचे नमुने, जुन्या तुकड्यांची वही जपून ठेवा. त्यावर साल आणि कारागिराचे नाव लिहा. 'मुघल-ए-आझम'च्या श्रेयनामावलीत नटांची नावे आहेत. अड्ड्यावर बसून डोळे झिजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव आज कोण सांगेल? जुना चित्रपट पुन्हा लागला आणि जाणे पसंत असेल, तर कारखान्यातील शिकाऊ पोरांना सोबत न्या. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हाताला काय साधत होते, ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.