वर्ग पडद्यावर, व्यवस्था कोणाच्या हाती?

ऐरोलीच्या माइंडस्पेस संकुलात काम करणाऱ्या तरुण-तरुणींना नवे कौशल्य शिकण्यासाठी आता वर्गात जावे लागत नाही; वर्गच त्यांच्या पडद्यावर येतो. परंतु तो पडद्यामागून चालविणाऱ्या व्यक्तीला नेमके काय यावे लागते, याचा विचार क्वचितच होतो. ‘याला संगणक येतो’ एवढ्याच गुणावर ही जबाबदारी पुष्कळदा एखाद्याच्या गळ्यात पडते.

या प्रश्नाचा विचार ऐरोलीहून फार दूर नव्हे, खाडीपूल ओलांडून मुलुंडमार्गे गाठता येणाऱ्या पवईतच झाला आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. दीपक फाटक यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दहा हजार शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षित करण्याचा उपक्रम हाती घेतला. माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याच्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अभियानाचे पाठबळ त्याला लाभले. व्याख्यान पवईत होई आणि देशभरातील केंद्रांवर बसलेले शिक्षक ते ऐकत, प्रश्न विचारत. या योजनेतील खरी दूरदृष्टी मात्र व्याख्यानात नव्हती. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला मुख्य कार्यशाळेपूर्वी पवईस बोलावून तयार केले जाई. यंत्रणा पवईची, पण समोरच्या शिक्षकाची अडचण सोडविणारा माणूस त्याच गावचा!

तेथेच प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. आधी संहिता लिहायची, मग ध्वनिमुद्रण करायचे. त्यामुळे तोच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणता आला. पाठ उतरवून घेता येत असल्याने इंटरनेट खंडित झाले तरी शिकणे थांबत नाही. तासाभराचे भाषण एकसलग मुद्रित करून विद्यार्थ्यांच्या माथी मारणाऱ्यांनी ही शिस्त अवश्य पाहावी.

व्यवस्थापकाचे दुसरे कौशल्य अधिकारांच्या वाटणीचे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये लोकांसमोर आणलेली ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली आज असंख्य संस्था वापरतात. तीत प्रशासक, शिक्षक, केवळ गुण देऊ शकणारा पण पाठात बदल करू न शकणारा शिक्षक आणि विद्यार्थी अशा भूमिका वेगवेगळ्या ठेवता येतात. बँकेत व्हाउचर लिहिणारा व ते मंजूर करणारा एकच नसावा, हा जुना दंडक येथेही तितकाच लागू आहे. तरीही अनेक ठिकाणी प्रशासकाचा पासवर्ड चारचौघांत वाटलेला असतो. उद्या कोणाचे गुण बदलले गेले, तर नोंदीत एकच नाव दिसेल आणि ते कोणाचेच नसेल! प्रमाणपत्रावर नोकरी वा बढती अवलंबून असलेल्या माणसाने मग दाद कोणाकडे मागावी? प्रत्येकाला स्वतंत्र खाते, दुहेरी पडताळणी आणि नियमित बॅकअप ही कामे तांत्रिक विभागावर ढकलून भागत नाही.

क्यूआर कोडचेही तसेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा त्यांच्या कोडचा गाजावाजा झाला. कोड तयार करणे हे काही क्षणांचे काम. त्यामागे कोणता पाठ, कोणत्या भाषेत ठेवायचा, हे ठरविणे ही शिक्षकाची कसोटी.

राहिला शिकणारा. ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदविणारे पुष्कळ, शेवटपर्यंत टिकणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. कोणी कोणता पाठ उघडला, कोण कोठे थांबला, हे मूडलसारख्या प्रणालीत दिसते. मात्र तो अहवाल उघडून पाहणारे विरळाच. कोणी आजारी असतो, कोणाच्या मोबाइलचा डेटा संपलेला असतो, तर पन्नाशीतल्या एखाद्याला पहिलाच पाठ कोठे दडला आहे ते सापडलेले नसते आणि तरुण सहकाऱ्याला विचारण्याचा संकोच वाटत असतो. अशांची यादी दर आठवड्यास काढून प्रत्येकाला दूरध्वनी करणे, हे काम कोणतीही प्रणाली आपण होऊन करीत नाही.