कार्निटिन संयुगे आणि हृद्रोहिणी विकार : संशोधनाचा आढावा

प्रस्तावना :

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला 'कार्निटिन घ्या, हृदयाला ताकद येते' असा सल्ला अनेकदा मिळतो. अलीकडे व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनाही हाच सल्ला दिला जातो. स्नेहलतागंजासारख्या वस्तीतील औषधांच्या दुकानांतही या गोळ्या मिळतात. वर्गातील विद्यार्थी किंवा घरातील वडीलधारी मंडळी याविषयी शिक्षकाला विचारतात, तेव्हा उत्तर पुराव्यावर आधारलेले असावे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात या विषयावरील प्रमुख संशोधनाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

कार्निटिन म्हणजे काय ?

सन १९०५ मध्ये रशियातील गुलेविच व क्रिमबर्ग या शास्त्रज्ञांनी मांसाच्या अर्कातून हे द्रव्य वेगळे केले. लॅटिन भाषेतील मांसवाचक शब्दावरून त्यास 'कार्निटिन' हे नाव मिळाले. आपले यकृत व मूत्रपिंडे लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून ते तयार करतात. त्यामुळे मिश्राहारी माणसाला आहारातून रोज सुमारे ६० ते १८० मिलिग्रॅम आणि दूधदेखील न घेणाऱ्या शुद्ध शाकाहारी माणसाला जेमतेम १० ते १२ मिलिग्रॅम कार्निटिन मिळत असले, तरी निरोगी प्रौढ व्यक्तीत त्याची उणीव सहसा आढळत नाही. ॲसिटिल-एल-कार्निटिन व प्रोपिओनिल-एल-कार्निटिन ही त्याची दोन संयुगेही संशोधनाचा विषय झाली आहेत.

हृदयातील कार्य :

हृदयाच्या स्नायूला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांपासून मिळते. ही मेदाम्ले पेशीतील तंतुकणिकांमध्ये जळतात, परंतु लांब साखळीच्या मेदाम्लांना तंतुकणिकेचे आतील आवरण स्वतःहून ओलांडता येत नाही. सियागंजच्या बाजारात हमाल पोते गोदामात टाकून पुढच्या पोत्यासाठी परत येतो, तसेच कार्निटिन मेदाम्ल आत पोहोचवते आणि पुन्हा बाहेर येते. मेदाम्लांच्या ज्वलनाला कार्निटिनमुळे चालना मिळते, हे फ्रिट्झ यांनी १९५५ मध्ये दाखविले.

हृद्रोहिणी अरुंद झाली की स्नायूला प्राणवायू कमी पडतो, अर्धवट राहिलेली मेदाम्लांची संयुगे पेशीत साचतात आणि पेशीतील कार्निटिन घटते. म्हणून ते बाहेरून पुरवावे, असा विचार पुढे आला. मात्र याच विकारावर नेमका उलटा विचारही झाला. लॅटव्हियात तयार झालेले मेल्डोनियम हे औषध शरीरातील कार्निटिनची निर्मिती कमी करते. प्राणवायू कमी असताना हृदयाने मेदाम्लांऐवजी ग्लुकोज वापरावे, हा त्यामागील हेतू आहे. परस्परविरोधी असे दोन्ही तर्क कागदावर पटण्यासारखे आहेत. त्यामुळे निर्णय रुग्णांवरील चाचण्यांवरच सोपविणे भाग आहे.

रुग्णांवरील चाचण्या :

आपल्या देशातील चाचणी मुरादाबाद येथे झाली व १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. झटक्याची शंका असलेल्या ५१ रुग्णांना २८ दिवस रोज २ ग्रॅम कार्निटिन आणि ५० रुग्णांना निष्क्रिय गोळी दिली गेली. मृत्यू व पुन्हा झटका या घटनांचे एकत्रित प्रमाण अनुक्रमे १५.६ व २६ टक्के आढळले. टक्केवारीतील हा फरक मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात तो ८ आणि १३ रुग्ण एवढाच आहे. शिवाय याच प्रमुख संशोधकाच्या आहारविषयक अभ्यासांबद्दल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' व 'लॅन्सेट' यांनी २००५ मध्ये जाहीर शंका नोंदविली होती. ते अभ्यास कार्निटिनवरील नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

इटलीतील ४७२ रुग्णांच्या चाचणीत (१९९५) कार्निटिन घेणाऱ्यांचे डावे जवनिका-कोष्ठ कमी फुगलेले दिसले. या आशादायक निष्कर्षामुळे तेथेच २,३३० रुग्णांवर मोठी चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हृदय निकामी होणे यांचे प्रमाण कार्निटिन गटात ९.२ टक्के व दुसऱ्या गटात १०.५ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. पहिल्या पाच दिवसांतील मृत्यू मात्र काहीसे कमी होते, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता.

२०१३ मधील दोन निष्कर्ष :

एप्रिल २०१३ मध्ये दोन विरुद्ध निष्कर्ष एकदमच पुढे आले. तेरा चाचण्यांतील ३,६२९ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणात कार्निटिनमुळे मृत्यूंमध्ये २७ टक्के घट दिसली, मात्र हृदय निकामी होणे व पुन्हा झटका येणे यांत घट नव्हती. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना मात्र आतड्यातील जिवाणू कार्निटिनपासून ट्रायमिथिल-अमाइन बनवितात व यकृतात त्याचे ऑक्साइड तयार होते, असे आढळले. कार्निटिन दिलेल्या उंदरांच्या रोहिण्यांत मेदाचे थर वाढले. प्रतिजैविके देऊन जिवाणू कमी केल्यावर ही वाढ दिसली नाही. तरीही उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. समुद्री मासळीत हे ऑक्साइड मुळातच असते, आणि मासे हृदयाला अपायकारक ठरलेले नाहीत.

समारोप :

जन्मजात कार्निटिन-न्यूनतेत हृदयाचा स्नायू दुबळा होतो. तेथे कार्निटिन जीवरक्षक ठरते व त्याविषयी वाद नाही. हृद्रोहिणी विकारात मात्र त्याचा लाभ मोठ्या चाचणीत सिद्ध झालेला नाही. खरा धोका गोळीपेक्षा तिच्यावरील विश्वासात आहे. 'ताकदीची गोळी' चालू आहे म्हणून कोणी ॲस्पिरिन, स्टॅटिन किंवा रक्तदाबाचे औषध बंद केले, तर त्याची किंमत प्राणाने मोजावी लागू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये व बंदही करू नये, एवढे प्रत्येक घरी पोहोचले पाहिजे.

विज्ञानाच्या शिक्षकाला हा विषय वर्गातही उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांपुढे प्रथम १५.६ व २६ हे आकडे ठेवावेत, नंतर ८ व १३ हे ठेवावेत, आणि शेवटी २,३३० रुग्णांचा निष्कर्ष सांगावा. पुरावा कसा तोलावा, हे त्यांना या तीन पायऱ्यांतून समजेल.