जुन्या डिझेल पिकअपची आरंभ-चिकित्सा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी केलेल्या तत्त्वानुसार सिलिंडरमधील हवा सुमारे विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे पिकअप सुरू होत नसेल तर प्रथम एवढेच पाहावे : इंजिन फिरते का, आणि फिरत असल्यास धूर दिसतो का? ही दोन उत्तरे मिळण्यापूर्वी नवी बॅटरी आणणे म्हणजे निदानाआधीच औषध घेणे होय.

विद्युत आरंभक, म्हणजे गॅरेजातला ‘सेल्फ’, चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत तो प्रथम बसवला गेला. त्याआधी हँडल मारावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. सेल्फ मारताना भराभर टिकटिक ऐकू आली, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा जोडणी सैल असते. एकदाच जोरकस ‘टक’ होऊन सारे शांत झाले, तर सॉलेनॉइड, कार्बन ब्रश किंवा जाम झालेले इंजिन संशयित ठरते. विश्रांत अवस्थेत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; सेल्फ मारताना दाब साडेनऊच्या खाली गेला, तर तिची शक्ती संपत आली आहे असे समजावे. बॅटरी उत्तम असूनही इंजिन रखडत फिरते, तेव्हा दोष पुष्कळदा अर्थिंगच्या पट्टीत सापडतो. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसल्यास चेसिसवरचा बोल्ट सोडून त्याखालचा रंग-गंज खरवडावा. साध्या पॉलिशपेपरने सुटणाऱ्या या दोषापायी चांगले सेल्फ बदलले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

इंजिन जोमाने फिरते, पण सायलेन्सरमधून धूर मुळीच येत नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. टाकी, फिल्टर, नळ्या या क्रमाने पाहावे. जुन्या रबरी नळीला बारीक चीर गेली, तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही; पण पंप शोषू लागला की तेथून हवा आत शिरते. रात्रभर उभी राहिलेली गाडीच तेवढी सकाळी त्रास देते, ती अनेकदा यामुळे. अशा वेळी फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहावे. आधी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळावा. इंजिन बंद करण्याची केबल अर्धवट ओढलेली राहिली आहे का, हेही पाहावे. पंपावर विद्युत स्टॉप सॉलेनॉइड असेल, तर किल्ली फिरवताच त्याचा हलका आवाज आला पाहिजे.

पांढरा धूर येऊनही इंजिन सुरू होत नसेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. पूर्वकक्ष असलेल्या इंजिनात हीटर प्लग तपासावेत. ते ठीक असल्यास नोजल, टायमिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन.

पंप यांत्रिक असेल, तर ढकलून सुरू करण्याचा उपाय चालतो, परंतु स्टॉप सॉलेनॉइड असलेल्या गाडीत बॅटरी पार मेलेली असल्यास कितीही धक्का दिला तरी डिझेलचा मार्ग उघडत नाही.