केकवर साखरेची शाल

हा सीन तुम्ही नक्की पाहिला असेल. बर्थडे पार्टी, टेबलावर भन्नाट थीम केक, सगळ्यांचे मोबाइल बाहेर, फोटोवर फोटो. मग केक कापला जातो आणि दहा मिनिटांत पेपर प्लेट्समध्ये उरतात त्या गुलाबी-निळ्या साखरेच्या जाड साली. ज्या गोष्टीमुळे केक महाग झाला, तीच थेट कचऱ्यात!

या सालीचं नाव फॉन्डंट. फ्रेंचमध्ये 'फोंद्र' म्हणजे वितळणं, त्यावरून आलेला हा शब्द. साखरेची कणीक मळायची, पोळीसारखी लाटायची आणि केकला पांघरायची, एवढाच त्याचा फंडा. २००६ मध्ये 'एस ऑफ केक्स' आणि २००९ मध्ये 'केक बॉस' असे अमेरिकन टीव्ही शो आले आणि फॉन्डंट म्हणजे काय ते घराघरांत दिसलं. पण तो खाण्यासारखाही होऊ शकतो बरं का! त्यासाठी तो पातळ हवा, त्यात थोडा स्वाद हवा आणि खालचा केक दमदार हवा. आणि हे तिन्ही घरच्या घरी जमतं.

कणीक मळायला घ्या

सहा इंची, साधारण चार इंच उंच केकसाठी ५०० ग्रॅम आयसिंग शुगर पुरते. साखर मिक्सरमधून काढणार असाल तर मलमलच्या कापडातून गाळा. एक जाडसर कण राहिला तरी लाटताना तिथेच फाटतं. बाकी सामान: अडीच टीस्पून जिलेटिन, दोन टेबलस्पून गार पाणी, पाव कप लिक्विड ग्लुकोज, दीड टीस्पून खाण्याचं ग्लिसरीन, एक टेबलस्पून वनस्पती तूप आणि व्हॅनिला किंवा ऑरेंज इसेन्स. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये हे सगळं मिळतं, पुण्यात बोहरी आळीत.

जिलेटिन गार पाण्यावर भुरभुरा आणि पाच मिनिटं फुलू द्या. मग वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा. उकळू मात्र नका. त्यात ग्लुकोज, ग्लिसरीन, तूप, इसेन्स घाला आणि कोमट होऊ द्या. परातीत ४०० ग्रॅम साखर घेऊन मध्ये आळं करा, हे मिश्रण ओता आणि मळा. उरलेली १०० ग्रॅम लागेल तशी घाला. पहिली पाच मिनिटं हाताला सगळं चिकटेल. टेन्शन घेऊ नका, मोदकाची उकड मळताना करता तसा तुपाचा हात लावत राहा. गोळा मऊ आणि गुळगुळीत झाला की प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, हवाबंद डब्यात टाका आणि रात्रभर बाहेरच ठेवा.

आजी खाणार आहे का?

हा प्रश्न सामान आणायच्या आधी विचारा. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. बाजारातल्या बऱ्याचशा मार्शमेलोमध्येही तेच असतं, त्यामुळे मार्शमेलो वितळवून केलेला इन्स्टंट फॉन्डंटही आपोआप व्हेज होत नाही. घरात कोणी शुद्ध शाकाहारी असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच खरेदी करा. चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर वापरूनही फॉन्डंट होतो. मात्र ते नीट उकळूनच विरघळतं, गार होताच झटकन घट्ट होतं आणि त्याची कणीक कमी ताणली जाते. ते नको असेल तर हिरव्या ठिपक्याचा तयार फॉन्डंट आणा. ज्याला आपण प्रेमाने घास भरवणार, त्याला त्यात काय आहे ते माहीत असायलाच हवं.

खरा व्हिलन: दमट हवा

साखर हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून जुलैच्या मुंबईत फॉन्डंट घामाघूम होतो आणि जानेवारीच्या पुण्यात त्याला भेगा पडतात. ओलाव्यामुळेच बेकरीवाली व्हिप्ड क्रीम फॉन्डंटखाली चालत नाही. साखर पाघळते आणि शाल खाली घसरते. त्यापेक्षा गनाश बेस्ट! ५०० ग्रॅम डार्क चॉकलेटला २५० मिली क्रीम, म्हणजे दोनास एक. रात्रभरात ते छान घट्ट होतं, आणि त्याच्या किंचित कडवटपणामुळे फॉन्डंटचा गोडमिट्टपणाही कमी जाणवतो.

ऑफिस सांभाळून टाइमटेबल

पार्टी रविवारी असेल तर गुरुवारी रात्री फॉन्डंट आणि गनाश करा. शुक्रवारी केक भाजा. शनिवारी सकाळी केकचे थर लावून बाहेरून गनाशचा गुळगुळीत लेप द्या आणि संध्याकाळी फॉन्डंट चढवा. सगळं एका रात्रीत उरकायला गेलात तर गरम केक, पातळ गनाश आणि फाटलेला फॉन्डंट अशी हॅटट्रिक होईल.

लाटायचं माप सोपं आहे: केकची रुंदी अधिक दोन्ही बाजूंची उंची. सहा अधिक चार अधिक चार म्हणजे चौदा इंच. एक इंच जास्तीचा धरा. पोळपाट पुरणार नाही, ओटाच पुसून कोरडा करा. कॉर्नफ्लोअर भुरभुरून तीन-चार मिलिमीटर जाडीचं लाटा. गनाशवर पाण्याचा अगदी हलका हात फिरवा, लाटण्यावर घेऊन फॉन्डंट अलगद सोडा. आधी वरचा भाग, मग कड, मग बाजू. खाली निऱ्या पडतील. त्या दाबू नका, बाहेर उलगडत खाली सरका. बुडबुडा आला तर स्वच्छ टाचणी टोचा, भेग पडली तर तुपाचं बोट फिरवा.

सजावट किचनमधूनच

महागड्या टूल्सची गरज नाही. करंजीच्या कातण्याने झकास नागमोडी पट्ट्या निघतात, बाटलीच्या झाकणाने पोल्का डॉट्स, आणि चहाची गाळणी दाबली की जाळीचं टेक्स्चर. रंग जेलचे घ्या, पातळ रंगाने कणीक चिकट होते. लाल आणि काळा आदल्या दिवशीच मिसळा, रात्रभरात ते गडद होतात. फुलं किंवा बाहुल्या उभ्या राहायला हव्या असतील तर २५० ग्रॅम फॉन्डंटला एक टीस्पून सीएमसी पावडर मळा आणि किमान दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात मात्र सपाट डिझाइनवरच समाधान माना.

तयार केक फ्रिजमध्ये ठेवायचा मोह आवरा. बाहेर काढताच त्यावर दव जमतं आणि रंग ओघळतात. गनाशवाला केक एसी लावलेल्या खोलीत रात्रभर आरामात राहतो; आत ताजी फळं किंवा क्रीम असेल तर फ्रिजला पर्याय नाही, म्हणून ती आत भरूच नका.

पहिल्या केकच्या मागच्या बाजूला एखादी सुरकुती राहीलच. ती बाजू भिंतीकडे करा आणि बिनधास्त फोटो काढा!