खारेपाटाची करडी माती

पोयनाडाहून शहापूर-धेरंडाच्या बाजूस जाऊ लागले म्हणजे दोन्ही अंगांस दूरवर सपाट शेते पसरलेली दिसतात. झाडी विरळ, उंचवटा असा नाहीच, आणि क्षितिजाशी मातीच्या बांधाची एक लांब रेघ. त्या रेघेपलीकडे धरमतरची खाडी. या मुलखास खारेपाट म्हणतात. आमच्या वर्गांतून तिकडील पुष्कळ मुले बसतात, आणि त्यांच्या घरचा भात ज्या मातीत पिकतो ती माती कशी घडली, हे त्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. शेतीची कृती शेतकऱ्यास शिकविण्याचे धारिष्ट आम्ही करीत नाही. तो जे करितो त्यामागील कारण मात्र सांगता येण्याजोगे आहे.

प्रथम रंग पाहू. कनकेश्वराच्या वा सागरगडाच्या पायथ्याशी माती तांबूस असते. खारेपाटात हातभर खणले तर करडी, कोठे निळसर झाक असलेली, आणि मधूनमधून गंजासारखे ठिपके असलेली चिकण माती लागते. हा भेद पाहून दोन्ही ठिकाणच्या मातीत निरनिराळी द्रव्ये असावीत असे वाटते. परंतु मुख्य रंगद्रव्य दोहोंकडे एकच, ते म्हणजे लोह. डोंगरउतारावरील मातीतून पाणी निथळून जाते, कणाकणांमध्ये वारा खेळतो, आणि लोहास प्राणवायूचा संयोग घडून ते तांबडे होते. लोखंडी कढई ओली राहिली म्हणजे तीस गंज चढतो, तसेच हे. खारेपाटात पाणी निथळत नाही. मातीची सर्व छिद्रे पाण्याने भरलेली असतात, आणि साचलेल्या पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. आत होता नव्हता तेवढा प्राणवायू मातीतील सूक्ष्म जंतू थोड्याच काळात संपवितात. पण त्यांस श्वसन तर केलेच पाहिजे! मग ते लोहाशी जोडलेला प्राणवायू ओढून घेऊ लागतात. लोहाचा तांबडा रंग जातो, ते पाण्यात विरघळते, आणि माती करडी पडते. याही पलीकडे गेले म्हणजे गंधकयुक्त क्षारांची पाळी येते. बांधाबाहेरील खाजणात पाय रुतला असता नासक्या अंड्यासारखी जी घाण येते, ती त्याच व्यवहाराची होय.

तांबडे ठिपके कोठे असतात तेही लक्ष देऊन पाहावे. ते बहुधा मुळांच्या वाटेने वा खेकड्यांच्या बिळांच्या कडेने असतात, कारण तेवढ्याच ठिकाणी हवेस शिरकाव मिळालेला असतो. ज्यांस प्रयोगाची हौस आहे त्यांनी खोलीवरचे एक ओले करडे ढेकूळ फोडून सावलीत ठेवावे. काही दिवसांत त्याचा बाहेरचा पापुद्रा तांबूस होतो व आतला गाभा तसाच राहतो.

अशी माती केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. युरोप व अमेरिका या खंडांच्या उत्तर भागांवर पूर्वी बर्फाचे जाड थर पसरलेले होते. ते सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपण्याच्या सुमारास मागे हटले. त्या बर्फाने खडक भरडून जी चिकण माती दगडगोट्यांसह मागे टाकली, ती त्याच्या भाराने दडपून इतकी घट्ट झाली की पावसाचे पाणी आजही तीतून उतरत नाही, आणि सखल जागी तीच करडी-निळी छटा दिसते. रशियन शास्त्रज्ञ व्हिसोत्स्की यांनी १९०५ साली अशा मातीस ‘ग्ले’ हे नाव शास्त्रात रूढ केले. ज्या स्कॉटलंडातून १८२३ साली पहिले मिशनरी बाणकोटास उतरले, त्या देशातील पुष्कळ शेतकऱ्यांस याच मातीशी झगडावे लागे. तेथील डीनस्टन गावच्या जेम्स स्मिथ यांनी १८३१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली: शेतात समांतर खोल चर खणावे, त्यांत दगड भरावे, वर माती लोटावी, म्हणजे पाणी खालच्या खाली निघून जाते. थंड मुलखातील पाणथळ शेते या उपायाने सुधारली.

मग तोच उपाय खारेपाटात का चालू नये? चराने पाणी नेण्यास ते कोठेतरी खाली पडावे लागते. खारेपाटातील बरीचशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. तेव्हा कितीही चर खणले तरी भरतीच्या वेळी पाणी जाणार कोठे? उलट, वाट मिळाली तर समुद्रच आत येणार. आपल्या पूर्वजांनी येथे जी युक्ती काढली ती आम्हांस फार मार्मिक वाटते. जमिनीस उतार नाही, परंतु समुद्र रोज दोन वेळा आपण होऊन खाली जातो. म्हणून त्यांनी खाडीकाठी बांध घातला आणि त्यात उघाडी बसविली. उघाडी म्हणजे बांधातील मोरी, व तिच्या बाहेरच्या तोंडास टांगलेली झडप. भरती चढली की खाडीचे पाणी झडपेस दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तीस ढकलून बाहेर पडते. पहारेकरी नको, किल्ली नको.

हे पाणी नुसते बाहेर जात नाही, तर मीठ घेऊन जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ही सारी माती खाडीच्या गाळाची असल्याने क्षार तिच्या अंगातच मुरलेला आहे. उन्हाळ्यात वरची माती तापली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे खारे पाणी वर चढते, वाफ होऊन उडते, आणि मीठ मागे राहते. म्हणून वैशाखात शेतावर पांढरी खपली दिसते. कार्ले-खंडाळ्याकडील गोड्या जमिनीत पांढरा कांदा होतो, पण खारीत पावसाळा सरल्यावर दुसरे पीक सहसा येत नाही, त्याचे कारण हेच. पुढे वर्षाचा २००० मिलिमीटरांच्या आसपासचा पाऊस येतो. शेतकरी पहिल्या सरींचे पाणी शेतात कोंडतो, त्यात मीठ विरघळू देतो, आणि ओहोटी साधून ते उघाडीने सोडून देतो. असे काही वेळा झाल्यावरच तो मोड आणलेले बी चिखलात फेकतो. भाताच्या देठात हवेच्या नळ्या असतात. त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचतो, म्हणून बुडत्या मातीतही हे पीक गुदमरत नाही. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर तांबूस लेप दिसतो, तो याच प्राणवायूने चढविलेला गंज. त्यातही खारास सोसणारी जुनी जात म्हणजे लाल तांदळाचा राता; पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने त्यातून निवडलेले वाण व पुढे ‘पनवेल’ या नावाचे नवे वाण शेतकऱ्यांस दिले.

आता ही सारी व्यवस्था ज्या बांधावर उभी आहे तो पडला म्हणजे काय होते ते पाहा. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपते, उधाणास ते भोक वाढते, आणि एका रात्रीत खांड पडते. खारे पाणी एका शेतावर थांबत नाही. बांध जेवढ्या शेतांचा, तेवढी सर्व बुडतात. खांड बुजविल्यावरही निदान दोन-तीन पावसाळे मीठ धुण्यात जातात. शिवाय समुद्राच्या पाण्यातील सोडियम चिकण मातीस चिकटून राहते. वरचे मीठ धुतले गेले की तीच माती विस्कटून लोण्यासारखी होते, छिद्रे बुजतात, आणि निचरा पूर्वीपेक्षाही मंदावतो. खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली तर तिवरे वाढतात व शेताचे पुन्हा खाजण होते.

म्हणून बांध हा कोणा एकाचा नसे. घरटी माणूस देऊन सर्वांनी मिळून तो दुरुस्त करावयाचा, या रीतीस ‘जोळ’ म्हणत. ही जमीन पिकविणाऱ्या हातांचे मोल किती, हे चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेल्या संपाने खोतांसही दाखवून दिले. कुळांनी जमिनी कसणे सोडले तेव्हा त्या ओस राहिल्या. पुढे १९४८ साली मुंबई खारजमीन कायदा झाला, आणि १९७९ साली त्याच्या जागी महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. सरकारच्या पैशाने मोठे बांध झाले हे खरे. परंतु आमच्या मते त्याबरोबर एक नुकसानही झाले. बांध सरकारचा ठरल्यावर त्यावरील लहान भोक कोणाचेच राहिले नाही. आणि जे भोक चार टोपल्या मातीने बुजले असते, त्याची खांड होईपर्यंत अर्ज फिरत राहतो. ज्या घरांची मुले शहरात नोकरीस आहेत त्यांच्याकडून जोळीस माणूस कसा यावा, हाही प्रश्न आहेच.

बांधाची व उघाडीची पाहणी चैत्र-वैशाखात, ओहोटीच्या वेळी करणे सोयीचे पडते. झडपेत काटक्या वा गाळ अडकून फट राहिली आहे काय, आणि बांधाच्या आतल्या अंगास ओल फुटली आहे काय, एवढ्या दोन गोष्टी शाळेतील मुलासही पाहता येतात. ओलीचा ठिपका दिसला तर तेथील पाणी जिभेवर टेकवून पाहावे; खारट लागल्यास ते खाडीचे.